सतराव्या गाण्याला बंद पडणारा कॉम्प्युटर

सॅमसन गुरुजींचा कॉम्प्युटर मी त्या महिन्यात तिसऱ्यांदा स्कूटरवर घालून त्यांच्या घरी परत नेत होते आणि माझं डोकं फिरलं होतं. कोल्हारला स्टँडजवळ माझं दुरुस्तीचं दुकान आहे. अकरा वर्षांत मी पाण्यात पडलेले लॅपटॉप चालू केले, उंदरांनी वायरी खाल्लेली मशीनं चालू केली. एकच मशीन तीनदा परत येणं हे माझ्या नाकावर टिच्चून चाललं होतं. त्यात गिऱ्हाईक म्हणजे मला चौथीत शिकवलेले गुरुजी. त्यांच्यावर ओरडायचीही सोय नाही.

तक्रार ऐकून तर मी पहिल्यांदा हसलेच होते. कॉम्प्युटर दिवसभर नीट चालतो, फक्त सतराव्या गाण्याला बंद पडतो.

गाणी गुरुजींच्या आईची. सारूबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण दळताना, निंदताना त्यांनी येशूची अठ्ठावन्न गाणी रचली होती. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. त्याआधी वर्षभर गुरुजी त्यांच्या खाटेशेजारी बसून एकेक गाणं वहीत उतरवत होते. आता येत्या रविवारी चर्चमध्ये, म्हणजे गुरुजींच्या भाषेत देवळात, कापणीचा सण होता. त्या दिवशी पुस्तक निघणार होतं आणि छापखान्याला फाईल गुरुवारी संध्याकाळपर्यंत हवी होती. आज गुरुवारच होता.

मी काय करायचं ठेवलं होतं? पहिल्या खेपेला सगळी गाणी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली, कारण चौदा वर्षांच्या मशीनचा काय भरवसा. मग ब्लोअरने किलोभर धूळ काढली. रॅम खोडरबरने घासून परत बसवली. प्रोसेसरवरची पेस्ट बदलली. दुसऱ्या खेपेला एसएमपीएस, म्हणजे आत वीज देणारा डबाच, नवा घातला. तिसऱ्या खेपेला हार्डडिस्क तपासली, ठणठणीत होती. दुकानात मी स्वतः सतरावं गाणं दहा वेळा टाईप केलं. मशीन ढिम्म हललं नाही. आणि घरी गुरुजी ते गाणं तपासायला बसले की तिसऱ्या नाहीतर चौथ्या ओळीला पडदा काळा, अन् मशीन आपलं आपण परत चालू.

"ये जये," गुरुजींनी दार उघडलं. "तू उगं हेलपाटे घालतीस. मी ठरवलंय. आज बंद पडला तर ते गाणं काढायचं. सत्तावन्न गाण्यांचं पुस्तक."

"काढायचं? का म्हणून?"

"आईलाच नको हाय ते."

मेरीकाकू आतून चहा घेऊन आल्या. "ह्यांचं काय ऐकू नको. सासूबाई हसत म्हनल्या हुत्या. येशूनं लग्नात पान्याचा द्राक्षारस केला, त्येचं त्ये गाणं, अन् फुगडीच्या चालीवर हाय ना! म्हनल्या, पुस्तकात घालू नको रं, देवळात बाया फुगड्या घालत्याल अन् पाळकसाहेब तुला बोलत्याल. ह्यांनी त्ये मनाला लावून घेतलं."

"हसत म्हणाली का कशी म्हणाली, म्हणाली ना?" गुरुजी म्हणाले. "सत्तावन्न गाणी बिनबोभाट होत्यात. ह्याच एका गाण्याला बंद पडतं."

"गुरुजी, तुम्ही आम्हाला विज्ञान शिकवलंत," मी जरा चढ्याच आवाजात म्हणाले. "ओढ्यावर नेऊन बेडकाची अंडी दाखवलीत. आणि आता तुम्हीच असं बोलता?"

"मग विज्ञानाला सतरावा आकडा कसा कळतो, तेवढं सांग."

काकूंनी चहा देताना हळूच माझा हात दाबला. "जये, त्येंच्या आईचं सगळ्यात लाडकं गाणं हाय गं त्ये," त्या कुजबुजल्या. "त्ये काढलं तर ह्यो मानूस जन्मभर हळहळत बसंल." मला एकदम गलबलून आलं, आणि गलबलून आलं की मला आणखी राग येतो. मी कॉम्प्युटरचं कॅबिनेट टेबलाखाली जिथल्या तिथे ठेवलं, वायरी जोडल्या आणि मोबाईलची बॅटरी लावून स्वतःच टेबलाखाली शिरले. घरातला विजेचा बोर्ड तेवढा तपासायचा राहिला होता.

"गुरुजी, बसा खुर्चीवर. सोळावं गाणं वाचा."

गुरुजी वाचायला लागले. वाचायला म्हणजे काय, गायलाच. जात्याची संथ चाल. माझ्या नाकासमोर त्यांचे दोन अनवाणी पाय शांत होते.

"आता सतरावं."

वर गुरुजींनी घसा साफ केला.

"काना गावी लगीन गं,
येशू आला मागून गं..."

आणि उजवा पाय उठला! टाच जमिनीवर, आणि दर 'गं'ला चवडा धाडकन कॅबिनेटच्या पत्र्यावर. फुगडीचा ठेका. पहिल्या ओळीला हलका, दुसरीला त्याहून जोरात.

"रांजण ठेवा भरून गं,
नाचू आम्ही मिळून गं..."

धाड. माझ्या तोंडासमोरचा कॅबिनेटवरचा दिवा विझला, आतला पंखा थांबला, परत सुरू झाला.

"बघ!" वरून गुरुजींचा पडलेला आवाज आला. "बघितलंस?"

"बघितलं!" मी ओरडले आणि उठताना डोकं टेबलाला असं आपटलं की काकू धावत आल्या. टेबलाखालूनच मी हसत सुटले. "गुरुजी, आईला काही नको-बिको नाही. तुम्ही लाथा घालताय मशीनला!"

गुरुजींचा विश्वास बसेना. मी कॅबिनेट उघडून दाखवलं. मदरबोर्डवर जिथे विजेची जाड पिन बसते, तिथला एक जोड वयाने कच्चा झाला होता. साधं चालताना तो धरून राहायचा आणि सलग धक्के बसले की सुटायचा. दुकानात मी टाईप करत होते, गात नव्हते. म्हणून तिथे तो कधी सुटलाच नाही.

"आता पाय न हलवता वाचा," मी म्हणाले.

गुरुजींनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "काना गावी लगीन गं..." ते थांबले. पडद्यावर पुढची ओळ समोर दिसत होती, तरी त्यांना ती म्हणता येईना. परत सुरू केलं, परत तिथेच अडले.

"पाय थांबला की गाणं थांबतंय गं," ते ओशाळून म्हणाले. "दळताना आई मला लांब केलेल्या पायावर बसवायची. ह्या गाण्याला तिचा पाय उडायचा, त्याच्यासंगं मी उडायचो. मला ते गाणं असंच ठाऊक हाय."

एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले.

मी मदरबोर्ड बदलते म्हणणार होते, पण त्याला चार दिवस लागले असते. मग मी कॅबिनेट उचललं, टेबलावरची वर्तमानपत्रं ढकलून मॉनिटरशेजारी ठेवलं, वायरी परत जोडल्या. टेबलाखाली आता नुसती फरशी होती.

"हां, आता हाणा."

गुरुजींनी पाय मोकळा सोडला. पहिल्या कडव्याला जरा भीत भीत, दुसऱ्याला फरशी दणाणली. पंखा चालूच. पाचव्या कडव्याला मेरीकाकूंनी पदर खोचला, माझे दोन्ही हात धरले आणि "ये गं" म्हणत मला गरागरा फिरवलं. चहाची कपबशी लवंडली, तरी कुणी थांबलं नाही. आम्ही धापा टाकत भिंतीला टेकलो तेव्हा गुरुजी शेवटची ओळ म्हणत होते आणि पडदा लख्ख उजळलेला होता.

त्यांनी फाईल सेव्ह केली. माझ्याकडून पेन ड्राइव्ह मागून घेतला, फाईल त्यावर उतरवली आणि तो परत माझ्या हातात ठेवला.

"जा, छापखान्यात देऊन ये. अठ्ठावन्न गाणी," गुरुजी म्हणाले. "पाळकसाहेबांचं बोलणं मी खाईन."