लाल झाकण

धनश्रीनं पोहण्याचं पहिलं शिक्षण बाजेवर पालथं पडून घेतलं. मोबाईल उशीला टेकवायचा, त्यातल्या बाईसारखे हात मारायचे, तोंड वळवून श्वास घ्यायचा. चार दिवसांत बाजेची सुतळी सैल झाली, धनश्री मात्र कोरडीच.

"कुठवर पोचलात?" तिचा नवरा अंगद ओट्यावर चहा पीत विचारायचा. "किनारा दिसायला लागला का?"

"हसा तुम्ही. लहानपणी कुणी विहिरीत ढकललं असतं तर मीही हसले असते."

उन्हाळ्यात ती तिघं भिंगारहून नेवाशाजवळच्या वस्तीवर, सासरी येत. इथलं प्रत्येक पोर पाचव्या वर्षी विहिरीत उतरायचं, आणि उतरवायच्या सासूबाई, दगडाबाई. लुगड्याचा काष्टा मारून त्यांनी अर्धी वस्ती पोहायला शिकवली होती. यंदा धनश्रीच्या राजेश्वरीला पाचवं लागलं होतं. विहीर नुसती दिसली तरी धनश्री लेकीचा दंड असा धरायची की पोर म्हणायची, "आई, दुखतंय."

शेवटी तिनं सासूला सांगून टाकलं, "आई, तिला काही झालं तर मला उडी मारता आली पाहिजे. तोवर ती पाण्यात जाणार नाही."

वाटलं होतं, आता चार शब्द ऐकावे लागणार. दगडाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "मंग तूच शिक की आधी. पायरीवरून निघायचं, समोरच्या मोटारीच्या पाइपाला हात लावायचा आन् माघारी यायचं. जमलं तर तू म्हनशील तसं. न्हाई जमलं तर पोरगी मी शिकविते, आन् तू मधी बोलायचं न्हाई."

आता पळवाट उरली नव्हती. परत जायला नऊ दिवस होते.

कॅनॉलला पाणी सुटलेलं, त्यामुळे विहीर चांगली वर आली होती. पहिल्या दिवशी धनश्री पाचव्या पायरीवर गुडघाभर पाण्यात तासभर उभी राहिली. पाठीला गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधलेला. हवा भरलेला कॅन माणसाला वर का उचलतो, हे ती बी.एस्सी.ला दहा मार्कांना लिहून आली होती. पाय काही सुटत नव्हते.

"आई, गाठ बघता का एकदा?"

"बघितली."

"पुन्हा एकदा."

"लगनातबी तू एवढी गाठ बघितली न्हवती," दगडाबाई म्हणाल्या आणि गाठ तिसऱ्यांदा ओढून दाखवली.

तिसऱ्या दिवशी पाय सुटले. सहाव्या दिवशी हात-पाय एका तालात आले. पण विहिरीच्या मध्यावर, जिथं पाणी काळं दिसायचं, तिथं पोचली की ती माघारी फिरायची. आठव्या दिवशीही तेच.

कॅनला तेलाचा ओशटपणा होता, गाठ त्यावरून सरकते असं तिला वाटलं. त्याच संध्याकाळी तिनं तो साबणानं घासला, झाकण काढून आतून विसळला आणि उपडा घातला. शेवटच्या दिवशी सकाळी पट्टी बांधली. गाठ तीनदा बघितली आणि पाण्यात शिरली.

"बघतीस काय खाली? पाइपाकडं बघ," दगडाबाई पायरीवरून म्हणाल्या.

धनश्रीनं पाइपाकडं बघितलं. एक हात, दुसरा हात. पाठीमागं कुठंतरी बुडबुड आवाज येत होता, तिला वाटलं आपल्याच पायांचा. जरा जड जातंय, असंही वाटलं, पण जड तर रोजच जायचं. काळं पाणी आलं. तेवढ्यात वरून लेकीचा आवाज.

"आई, तुझं झाकण."

कठड्याशी अंगद लेकीला कडेवर घेऊन उभा होता. राजेश्वरीच्या हातात कॅनचं लाल झाकण. "खिडकीत होतं. मी त्यात बाहुलीला चहा दिला."

धनश्रीनं मागं हात नेला. कॅन पाण्यानं भरून पाठीला नुसता लोंबत होता. क्षणभर तिचं हात मारणं थांबलं. नाकात पाणी गेलं, ठसका लागला.

दगडाबाईंनी काष्टा खोचला. "येऊ का मी?"

ती बरोबर मध्यावर होती. पायरी जेवढी लांब, तेवढाच पाइप. मग हे निम्मं अंतर आपल्याला आणलं कुणी?

"नको, आई. बसा तिथंच," ती खोकत म्हणाली. आणि कठड्याकडं न बघता, "अहो, तिला घट्ट धरा."

पाइप गार आणि शेवाळलेला होता. तिनं त्याला हात लावला, चार श्वास घेतले आणि ती वळली. येताना बाजेवरचं काहीच आठवलं नाही. हात वेडेवाकडे पडले, बरंचसं पाणी पोटात गेलं, पण पायरी आली.

दगडाबाईंनी तिच्या पाठीचा कॅन सोडला, पाणी ओतून दिलं. "गाठ मातुर झकास हुती," त्या म्हणाल्या. त्यांचं सगळं अंग हसण्यानं हलत होतं. धनश्रीही पायरीवर बसून हसली, खोकली, पुन्हा हसली.

"मग, आता तू म्हणशील तसं," अंगद वरून म्हणाला. "जायचं का भिंगारला?"

धनश्रीनं ओले केस मागं सारले. "संध्याकाळच्या गाडीनं जाऊ. तिला खाली आणा. झाकणासकट."

कॅन राजेश्वरीच्या पाठीला तिनंच बांधला. बांधण्याआधी झाकण आवळलं, पुन्हा आवळलं, कॅन उलटा करून हलवून बघितला.

"बास, आटे झिजत्याल," दगडाबाई म्हणाल्या.

मग धनश्री आधी पाण्यात उतरली, पायरीपासून दोन हात मागं सरली, आणि तरंगत तरंगतच तिनं लेकीकडं हात पसरले.