पंख्याचं बटण

"मर मेल्या एकदाचा!" तिने कॉम्प्युटरच्या डब्यावर थाप मारली.

पडद्यावर पुन्हा तेच: इन्स्टॉलेशन अपूर्ण. फर्मवेअर अपडेट करून झालं, सगळं पुसून सिस्टिम दोनदा नव्याने टाकून पाहिली, पण जरा उठून परत येऊन बघते तर दोन्ही वेळा गाडी अर्ध्यातच बंद. संध्याकाळपर्यंत इमारतीचा नकाशा पोचला नाही, तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. आणि नोकरी सुटल्यावर मिळालेलं हे पहिलंच काम!

तिने दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"मदरबोर्ड गेला असेल, ताई. परवा घेऊन या."

"परवा काय त्याचं लोणचं घालू?"

सासरे दारात आले. "अजून रुसलंय होय? मी बघू का?"

"नको हो, बाबा! तुम्ही बसा बघू." तिचा आवाज चढलाच. त्यांचा उभा जन्म वायरमनकीत गेला होता, या घरातली एकूण एक वायर त्यांनी ओढलेली. पण कॉम्प्युटरमधलं त्यांना काय कळणार?

तिने तिसऱ्यांदा इन्स्टॉल सुरू केलं. आकडा मुंगीच्या पावलांनी सरकू लागला. बघून बघून डोकं उठलं, तेव्हा ती चहा करायला गेली. कप घेऊन परतली आणि दारातच थबकली.

सासरे भिंतीवरच्या बोर्डासमोर उभे होते. त्यांनी एक बटण दाबलं, दिवा लागला. घाईने बंद केलं. शेजारचं दाबलं; कॉम्प्युटर विझला. तेही गडबडीने पुन्हा चालू केलं. मग पुढचं. पंखा फिरू लागला, तसे ते कपाळ पुसून मागे वळले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबा!"

ते दचकले. पडद्याकडे बघत म्हणाले, "परत गेलं? मी हातसुद्धा लावला नाही गं."

ती तोंड उघडणार, तेवढ्यात तिची नजर बोर्डावर गेली. तो त्यांनीच बसवलेला. अंधारातसुद्धा त्यांचा हात नेमका हव्या त्या बटणावर जायचा. तिला रडूच आलं. तिने कप खाली ठेवला.

"फॉल्ट सापडला, बाबा. कुणाचा तरी हात लागून कॉम्प्युटरचं बटण बंद होतंय." तिने बोर्डाजवळ खुर्ची सरकवली. "राखण कराल?"

"मजाल आहे कुणाची!" ते ताठ बसले.

तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. जरा वेळाने मागून हळू आवाज आला.

"पोरी, कॉम्प्युटरचं कुठलं म्हणालीस?"