उष्टी हळद

"चोळू नका, आत्याबाई. नुसती टेकवा," हर्षा म्हणाली.

"टेकवल्यानं कायचा रंग चढते वो?" विमलाबाई हसल्या आणि हळदीचा गोळा त्यांनी तिच्या मानेखाली दाबला. विमलाबाई म्हणजे नवरदेवाची, अनुपची, थोरली आत्या. त्यांच्या हातची हळद अंगात मुरवल्याशिवाय आसगावच्या त्या घरात एकही सून आली नव्हती. अनुपला लावून उरलेली उष्टी हळद घेऊन त्या आंधळगावला हर्षाच्या मांडवात स्वतः आल्या होत्या.

त्या पाठ रगडत राहिल्या. हर्षाची आई सुमित्राबाई मध्ये पडायला उठली आणि पुन्हा बसली. अडवायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

हर्षाच्या पाठीवर, पोटावर लहानपणापासून तपकिरी डाग होते. एरवी गुमान पडून असत, घासले की फुगत. नागपूरच्या डॉक्टरांनी त्याला मास्टोसायटोसिस म्हटलं होतं. कुणाला लागत नाही, फक्त घासू नका, असं बजावलं होतं. ते नाव घरात कुणाच्या जिभेवर बसलं नाही. घरी ती 'हर्षाची उष्णता' झाली, आणि उष्णता काही सोयरिकीत सांगायची गोष्ट नव्हे. हर्षाने मात्र अनुपला फोनवर सगळं सांगितलं होतं. "मले फरक पडत नाही. घरी मी सांगतो," तो म्हणाला होता. त्या एका वाक्यावर वेडीने अख्खा हिवाळा काढला, मागावर कोशाचं रेशमी कापड विणता विणता.

हळदीखालून डाग उठू लागले. बघता बघता गांधीलमाश्या डसल्यासारखी पाठ लालभडक झाली. हर्षाचा चेहरा तापला, तिला गरगरलं. विमलाबाईंनी हात काढला, निरखून पाहिला आणि आंब्याच्या पानांना पुसला.

"हे काय होय वो? महारोग?"

"नाही, आत्याबाई. डॉक्टरनं सांगतलं, हे कोणाले लागत नाही. नवरदेवाले माहीत आहे. इचारा त्यायले."

"हातच्या काकणाले आरसा कायले?"

तरी विचारलं. वऱ्हाड शाळेत उतरलं होतं, तिथे हर्षाचा बाप चंद्रभान विमलाबाईंच्या मागोमाग गेला. अनुपने मोबाईलमधून मान वर केली, आत्याकडे पाहिलं.

"मले कायी सांगतलं नव्हतं," तो म्हणाला. असला हा शूर नवरदेव.

चंद्रभान परतला तो तोडगा घेऊनच. चुलीवर भात चढला होता, गाव जेवायला यायचं होतं, आणि हर्षाच्या जागी बसवायला धाकटी डिंपल उपवर होती. विमलाबाईंनी तिला खोलीत नेऊन तिची पाठ तपासली, बाजारात बैलाचे दात बघावेत तशी.

"एक तरी उजवू दे, बेटा," चंद्रभान हर्षाला म्हणाला.

डिंपल ताईला बिलगून रडत होती. "ताई, तू फक्त नाही म्हण. मी पाटावर बसत नाही."

हर्षाला नाहीच म्हणायचं होतं. ओठावर आलंही होतं. बापाने मांडवात सगळ्यांदेखत हात जोडले.

"बस पाटावर," ती डिंपलला म्हणाली.

पाट धुवून घेतला गेला. बहिणीच्या गालाला हळदीचं बोट लावायला हर्षा पुढे आली, तशा विमलाबाई आडव्या झाल्या. "तू नोको."

हर्षा मागच्या अंगणात आली. पाणी ओतून, न घासता, तिने हळद उतरवली. मांडवात बायांनी गाणं धरलं होतं, त्यात आता डिंपलचं नाव होतं. गाणी सरेपर्यंत अंगावर उठलेल्या गाठी बसल्या. खाज गेली, पाठ सपाट झाली. सुमित्राबाई पाण्याला मागे आली तेव्हा हर्षाने घाईघाईने पदर सरकवला आणि आईकडे पाठ केली.

"आई, बसल्या. पाह्य ना. सगळ्या बसल्या."

सुमित्राबाईने पाहिलं नाही.

"नवरीच्या आंघोळीले पाणी तापवाचं आहे," ती म्हणाली आणि रिकामा पितळी गुंड तिने हर्षापुढे ठेवला.

हर्षाने पदर ओढून घेतला आणि गुंड नळाखाली लावला.