दगडाला सरळच जायचं असतं

मित्रांनो, घोटावड्याच्या शाळेत नकाशाशेजारी खुंटीला लोंबणारी जुनी गोफण म्हणजे मीच. रूपाने मी कधीच देखणी नव्हते. माझा नेम मात्र चांगला होता, असं माझं स्वतःचं मत आहे.

कुशाबाने अंबाडीचा वाख भिजवला, मांडीवर वळला आणि बायकोसाठी, तानुबाईसाठी, मला विणलं. डोंगरउतारावरच्या त्यांच्या एकुलत्या एक भातखाचरात दाणा भरू लागला, की ती राखणीच्या उंच माळ्यावर चढायची आणि दिवसभर मला गरगरा फिरवून पाखरं हाकायची. संध्याकाळी तिचा खांदा ठणकायचा. तरी ती आधी माझे पीळ चाचपायची, मग खांद्याला तेल लावायची. ती माया मी अजून विसरलेले नाही.

सत्तावन्न साली, ऐन भाताच्या दिवसांत, बाजारातून बातमी आली. रशियाने आकाशात नवा चंद्र सोडला आहे आणि तो आपल्या डोक्यावरून जातो म्हणे. तानुबाई माळ्यावरून उतरली ती परत चढेना.

"कशाला टेकलाय त्यो? पडला तर उघड्यावर बसल्याली मीच घावंन त्येला," ती म्हणायची.

कुशाबाचा पाय कोयत्याने कापलेला, त्यामुळे तो अंथरुणावर. खाचरावर पाखरांचे थवे उतरू लागले. दोघांचं वर्षाचं धान्य डोळ्यांदेखत चाललं होतं आणि मी घरात नुसती टांगलेली होते. मला फार वाईट वाटे.

शेवटी कुशाबाने शाळेतल्या गुरुजींना बोलावलं. गुरुजी आले आणि 'गुरुत्वाकर्षण' म्हणाले. तानुबाईने त्यांना चहा दिला, पण माळ्याकडे ती फिरकली नाही. मग गुरुजींनी मला खाली काढलं, आम्हा दोघींना बांधावर नेलं आणि दगड घालून मला फिरवू लागले.

"दगडाला सरळ जायचं असतं, दोरी त्याला आत ओढते. म्हणून तो गोल फिरतो," असं म्हणून त्यांनी माझं एक टोक सोडलं. दगड सरळ सुटला आणि पाखरं भुर्रकन उडाली.

"पर गुर्जी, वर कुटं हाय दोरी?"

"पृथ्वीची ओढ हीच दोरी. ती त्या चंद्राला खाली ओढते आणि तो पुढे धावतो. पडतो, पण पुढे सरकत राहतो, म्हणून जमीन गाठत नाही. आपली पृथ्वी आणि सगळे ग्रह सूर्याभोवती असेच फिरतात."

तानुबाई खांदा चोळत राहिली. "अन् त्येस्नी फिरवतंय कोन?"

"कुणीच नाही. इथे हवा अडवते, म्हणून तुम्हाला जोर लावावा लागतो. ग्रहांच्या वाटेत अडवणारं काही नाही. एकदा धावू लागले की धावतच राहतात. रशियाच्या चंद्राला मात्र वर थोडी पातळ हवा लागते. तो हळूहळू खाली येईल आणि वरच्या वर जळून जाईल."

"म्हंजे येवढी धरणी फिरतीया, अन् कुनाचाबी खांदा दुखत न्हाई," तानुबाई हसून म्हणाली. "द्या हिकडं. तुमचा नेम लई वाईट हाय."

मला घेऊन ती माळ्यावर चढली. बरंचसं पीक वाचलं आणि दोघांचं वर्ष निघालं.

पुढे काही वर्षांनी तिचा हात वर उचलेना, तेव्हा तिनेच मला शाळेत आणून दिलं. आता ग्रहांचा धडा शिकताना तुम्ही मला फिरवता, हे माझं भाग्यच आहे. पण मित्रांनो, ग्रहांची दोरी झिजत नाही, माझी झिजते. तानुबाई अजूनही येता-जाता शाळेत डोकावते आणि दुखऱ्या हाताने माझे पीळ चाचपते. फिरवण्याआधी तुम्हीही तेवढं करा. दोरी तुटली तर दगड सरळच जातो, आणि समोर आपलंच कुणीतरी बसलेलं असतं.