जे.बी. एक

हिंगोलीच्या एका कॉलेजात उझ्मा यीस्टवर संशोधन करायची. यीस्टच्या पेशीत जनुकांची बटणं दाबणारं एक प्रोटीन असतं. गर्दीतून तेवढं एकच हुडकून काढणारी मोनोक्लोनल अँटीबॉडी विभागप्रमुख उत्तमराव सरांनी वर्षभर अर्ज करून करून मिळवली होती. बोटाच्या पेराएवढी कुपी, पण सर तिला जावयासारखं जपत.

यीस्टला मात्र तेवढं नशीब नव्हतं. पुण्याहून आणलेल्या यीस्टच्या बशा सरांनी स्वतःच खिडकीत ठेवल्या आणि विसरले. काळी बुरशी चढली. गुरुवारी तर बाहेरून डॉ. करुणा मॅडम काम बघायला येणार!

"काहीही करा," सर म्हणाले, "गुरुवारी फिल्मवर त्या प्रोटीनची काळी पट्टी दिसली पाहिजे."

"काहीही म्हणजे काहीही ना, सर?"

"काहीही!"

शनिवारी उझ्मा जवळा बाजारला घरी गेली. तिचे अब्बा जहांगीरभाई पाव भाजत होते. तिनं पिठात घालायचं यीस्ट डबीत भरून घेतलं.

"काहून गं? तिथं पाव करून राहिली काय?"

"न्हाई अब्बा. याच्यात एक प्रोटीन हाय का, ते बघायचंय."

"बघ बापा. पन भेसळ सापडनार न्हाई, सांगून ठेवतो."

प्रयोगशाळेत तिची मैत्रीण शितल नळीवर चिठ्ठी चिकटवत होती. "नाव काय लिहू?"

"जे.बी. एक."

शितलनं क्षणभर विचार केला आणि तोंडावर ओढणी दाबली.

बुधवारी फिल्म धुतली. जिथं हवी तिथंच जाड, काळीभोर पट्टी. शेजारच्या खान्यात तुलनेसाठी मुद्दाम हे प्रोटीन नसलेले बॅक्टेरिया ठेवले होते, तिथं कोरं. सर खुश झाले. जे.बी. एक म्हणजे काय, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर आपल्याला माहीत नाही हे सगळ्यांना कळलं असतं.

गुरुवारी करुणा मॅडमनी फिल्म उजेडात धरली. "सुरेख! यीस्ट कुठलं?"

"जे.बी. एक," सर रुबाबात म्हणाले. "फार नाजूक जात. कुठंही वाढत नाही."

शितल पाणी प्यायला बाहेर गेली. दुसऱ्यांदा.

"बाहेरून मागवलं?"

"हो, बाहेरूनच. उझ्मा, सांग मॅडमना."

शनिवारपासून या क्षणाची वाट बघणाऱ्या उझ्मानं एका दमात सांगून टाकलं. "जहांगीर बेकरी, मॅडम. जवळा बाजार." आणि लगेच पुढं म्हणाली, "खारीपण चांगली मिळते."

मॅडम हसल्या त्या चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. मग एकदम गंभीर झाल्या. "पावाचं यीस्ट आणि प्रयोगशाळेतलं यीस्ट एकाच जातीचं, त्यामुळे अँटीबॉडी ओळखणारच. पण हे प्रयोगाच्या वहीत लिहिलंय का?"

उझ्मानं वही उघडली. तारीख, बेकरीचं नाव, गाव, सगळं होतं. खाली उत्तमरावांची न वाचता केलेली लफ्फेदार सही. सरांचे कान लाल झाले.

"मग जिल्ह्यातल्या सगळ्या बेकऱ्यांचं यीस्ट तपासा की," मॅडम जाताना म्हणाल्या.

सर दोन दिवस प्रयोगशाळेत फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी उझ्माच्या टेबलाशी येऊन घुटमळले.

"वसमतला माझ्या मेव्हण्याची बेकरी आहे," ते हळूच म्हणाले. "तिथलं आधी आण. मोठा शहाणा समजतो स्वतःला. त्याच्यात काही कमी निघालं, तर मला पहिल्यांदा सांग."