उलालियाचे तीन महिने

गुलाबराव दक्षिण अमेरिका पायी फिरून आला होता, आणि भिलाईच्या कॅम्प-एक वस्तीतला एकही माणूस हे मानायला तयार नव्हता.

त्याची बायको पंचफुला मात्र मानत होती. गुलाबराव मूळचा तुमसरकडचा. घरातून पळून मुंबईला गेला आणि जहाजाच्या इंजिनात कोळसा लोटायला लागला. चिलीतल्या एका बंदरात जहाज बिघडून अडकलं. हा कंटाळला, पाठीवर पिशवी टाकली आणि चालू लागला. वाळवंट, मग डोंगर, मग शहरं. कुठे ट्रकवर, कुठे खेचरामागे. दोन वर्षांनी दुसऱ्या बंदरात दुसरं जहाज मिळालं. आता तो भिलाईच्या प्लांटात क्रेनखाली लोखंड बांधायचा आणि रोज संध्याकाळी पावर हाउस स्टेशनाजवळच्या हॉटेलात चहा घेताना आपला प्रवास सांगायचा. सांगताना अडखळायचा, गावांची नावं विसरायचा, मध्येच गप्प व्हायचा. पंचफुलाला त्यामुळेच तो खरा वाटे.

शालिकराम क्रेन चालवायचा. तो बाकावर मांडी घालून विचारायचा, "म्हंजे त्या देशात दहा-दहा साल पानीच पडत नाही?"

"नाही पडत."

"अन् बाया गोल टोप्या घालतेत? सायबासारख्या?"

"घालतेत ना बाप्पा!"

सगळं हॉटेल खो खो हसायचं. एकदा गुलाबराव घरी आला तो ताटावर बसेना.

पंचफुला वांगी चिरत होती. "तुमी खरं कावून सांगता?" ती म्हणाली. "त्याहिले खरं नाही पाहिजे. सांगा, तिथले लोक कासवावर बसून बाजारात जातेत. सोमवारच्या बाजाराले शुक्रवारीच निघतेत."

"असं कुठी असते?"

"असते. मी सांगून राहिली ना!"

दुसऱ्या दिवशी गुलाबरावानं खाली मान घालून कासव सांगितलं. हॉटेल चिडीचूप. शालिकरामनं हळूच विचारलं, "अन् पाऊस आला तर?" त्या दिवशी गुलाबरावाला चहा शालिकरामनं पाजला.

मग काय! पंचफुला लग्नानंतर तुमसरहून भिलाईला आली, एवढाच तिचा प्रवास. पण भाकऱ्या थापता थापता तिनं अख्खा खंड वसवला. नणंदेचा नवरा येऊन आठ दिवस जेवून गेला, तेव्हा तिनं एक शहर काढलं. तिथे जावयाला सासुरवाडीच्या दारात तराजूत बसवतात, निघताना पुन्हा बसवतात, आणि वजन घटलं तर सासऱ्याला दंड. हे तर ज्यांना मुली होत्या त्यांनीही मान्य केलं.

भादव्यात गणपती मंडळानं रविवारी दुपारी गुलाबरावाचं भाषण ठेवलं. डावीकडे बायकांच्या सतरंजीवर, शेजारच्या सिंधुताईला लागून, पंचफुला अगदी पुढे बसली. कासव झालं, टाळ्या झाल्या. तराजू झाला, शिट्ट्या झाल्या. आता डोंगर. डोंगरासाठी तिनं एक माकडांची शाळा दिली होती. पण इतकी माणसं पाहून गुलाबराव ती साफ विसरला. धोतराचा सोगा चाळवत उभा राहिला.

"तिथं एक गाव होतं," तो म्हणाला. "नाव... नाव ध्यानात नाही. मले ताप आला. एक बाई होती. विधवा. उलालिया. तिच्या मेंढ्या होत्या. तिनं मले बटाट्याचं पातळ पाजलं." त्यानं हातातला सोगा सोडला. "तीन महिने. निघालो तवा काही बोलली नाही ती. पिशवीचा पट्टा तुटला होता, तो शिवून देल्ला."

शालिकराम उठला. "गुलाबराव, कासव पटलं आमाले. तराजू पटला. पर तुमाले कोनी बाई तीन महिने ठेवून घेईन, हे नाही पटत!"

मांडव हसून लोटपोट. सिंधुताईनं पंचफुलाच्या पाठीवर थाप मारली. पंचफुलाला मात्र हसू येईना.

वाटेत ती चार पावलं पुढे चालली.

"अवं, ते गोष्टीसाठी म्हनलं," गुलाबराव मागून म्हणाला.

"तुमाले गोष्ट बनवता येते? आजलोक एक तरी बनवली?"

घरी येऊन तिनं खुंटीवरची पिशवी काढली. पट्ट्यावर तांबड्या लोकरीचे बारीक टाके होते. तिनं ओढून पाहिलं, गुडघ्याखाली धरून पाहिलं. टाका हलला नाही. "हात चांगला होता," ती एवढंच म्हणाली, आणि पुढचे आठ दिवस सकाळ-संध्याकाळ नुसतं बटाट्याचं पातळ केलं. गुलाबराव निमूटपणे प्यायला.

नवव्या दिवशी शेजारच्या दुर्गमधल्या रेल्वेवाल्या मराठी मंडळींचं बोलावणं आलं. पंचफुलानं स्वतः भाषण पाठ करून घेतलं. त्यात उलालिया आता ऐंशीची झाली. तिला एकच दात उरला, तोही हलता. तिनं गुलाबरावाला तापात मेंढ्या राखायला लावलं, पळताना धरलं आणि पोळ्या उलथायच्या सराट्यानं बदडलं. बिचाऱ्याला हे सगळं भर सभेत, बायको समोर बसलेली असताना, हावभावांसकट सांगावं लागलं. सोबत आलेला शालिकराम उठून म्हणाला, "हे खरं! हे मले पटलं!" पंचफुला पदर तोंडात कोंबून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

शालिकराम दुर्गलाच साडूकडे राहिला. परतीच्या गाडीत दोघंच शेंगा खात समोरासमोर बसले. शेंगा संपल्या तशी तिनं विचारलं, "दिसाले कशी होती?"

गुलाबरावानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. "बुटकी," तो म्हणाला. "रागीट. मेंढ्याइशी बोले, मानसाइशी नाही."

"अन् तुमच्याशी?"

"माझ्याशी... मेंढ्याइवानी."

पंचफुला पुढे सरकून बसली. तिला घर कसं होतं ते हवं होतं, चूल कुठे होती ते हवं होतं, तो निघाला तेव्हा उलालिया दारात उभी होती की मेंढ्यांकडे गेली तेही हवं होतं. तो आठवून आठवून सांगत राहिला. पावर हाउस कधी आलं आणि गेलं, दोघांना कळलं नाही. पुढच्या स्टेशनावर उतरले तेव्हा उलट जाणारी शेवटची गाडी निघून गेली होती.

"आता?" गुलाबराव म्हणाला.

"आता काय? चालनारे तुमीच ना!" तिनं चपला हातात घेतल्या आणि रुळांच्या कडेनं मागे पावर हाउसकडे निघाली.