तांडेलाची चूक

चाळीस वर्षांत सुकाणू धरणाऱ्या आदाउतो तांडेलाने तराफ्यावरचं एकही भांडण किनाऱ्याला लागू दिलं नव्हतं. त्याची युक्ती साधी होती. पाण्याच्या पिंपाचं झाकण कुणी उघडं टाकलं, की तो म्हणायचा, "मीच टाकलं." गळ हरवला, "मीच पाडला." तंबाखू भिजली तरी भिजवणारा तोच. आता तांडेलाशी कोण भांडणार? भांडणारे दोघे तोंडात मारल्यासारखे गप्प बसायचे, घटकाभराने हसायचे आणि शिडाला हात लावायचे. चार ओंडक्यांवर तीन माणसं दोन-दोन दिवस समुद्रात काढतात, तिथे रुसून बसायला माजघर नसतं.

आज मात्र भांडण वाळूत उतरलं होतं, आणि निम्मा गाव ते बघायला जमला होता.

भांडण होतं एका तांबोशी माशाचं. तराफ्यावर सगळ्यांचे मासे एकाच टोपलीत पडतात, म्हणून शेपटीला खूण करायची रीत आहे. तांडेलाच्या दोन साथीदारांपैकी एवारिस्तोच्या माशाची वरची पाकळी कापलेली असते, जोव्हेंतिनोच्या माशाची खालची. तांडेलाचा मासा अखंड. ही तांबोशी चांगली दोन हात लांब होती आणि तिची वरची पाकळी कापलेली होती. म्हणजे एवारिस्तोची.

"माझ्या दोरीला होती ती!" जोव्हेंतिनो ओरडला. "नांगर सुटला म्हणून मी धावलो. परत आलो तर मासा टोपलीत. तू कापलीस शेपटी!"

"धावलो तर मी पण होतो. माझ्या दोरीला झटका नव्हता बसला काय?"

"चोर तो चोर, वर शिरजोर!"

 जोव्हेंतिनोच्या मुलीचा, इरासीचा, एवारिस्तो धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या दिवशी पोरगी त्याच्याच हातात होती. परवा संत पेद्रोची जत्रा. जत्रेआधीच्या शेवटच्या फेरीतला सगळ्यात मोठा मासा ज्याचा, तो मिरवणुकीत संताच्या पायाशी बसतो. इरासी तापातून उठली तेव्हा जोव्हेंतिनोने नवस बोलला होता, की तो मान मिळवीन आणि पोरीला मांडीवर घेऊन बसेन. हे एवारिस्तोला माहीत नव्हतं थोडंच?

"मागितली असतीस तर दिली असती रे," तो हळू आवाजात म्हणाला. "पोरगी माझी पण आहे. पण गावासमोर चोर म्हणालास. आता कुजली तरी देणार नाही."

आदाउतो मध्ये बसून शेपटीवर बोट फिरवत होता.  काल पहाटे नांगराची दोरी सटकली, दोघं तिकडे झेपावले, आणि दोन्ही दोऱ्या त्यानेच ओढून घेतल्या होत्या. तांबोशी डाव्या खुंटीच्या दोरीला होती, आणि ती खुंटी जोव्हेंतिनोची, हे त्याला पाठ होतं. त्याने सुरी काढून खालची पाकळी कापली. निदान त्याला तसं वाटलं. मासा त्याच्या हातात उलटा होता, पोट वर. पोट कुठलं आणि पाठ कुठली हे त्याला दिसलंच नव्हतं.

वर्षभर हे असंच चाललं होतं. चर्चचा मनोरा दिसेनासा झाला तेव्हा तो विचारायला लागला, "सांगा बघू, मनोरा कुठे?" दोघांना वाटायचं, तांडेल परीक्षा घेतोय. ते हौसेने उत्तर द्यायचे आणि तो त्या बोलण्यावर सुकाणू धरायचा. खरं सांगितलं तर तांडेलकी जाणार. नाही सांगितलं तर ही दोघं जाणार, आणि एकट्या म्हाताऱ्याने तराफा पाण्यात ढकलता येत नाही. त्याने फार वेळ घेतला नाही. तांडेलकी गेली तर गेली.

"ती शेपटी मी कापली," तो म्हणाला. "मासा जोव्हेंतिनोचा. माझी चूक झाली."

वाळूवर हास्याचा फवाराच उडाला. "आलं! पिंप झालं, गळ झाला, आता तांबोशी!"

"तांडेल, तुम्ही याला पाठीशी घालताय," जोव्हेंतिनो म्हणाला.

एवारिस्तोला तर जास्तच लागलं. "म्हणजे तुम्हीही धरूनच चाललात मी चोरी केली ते? मला नको तुमचं पांघरूण!"

"अरे, खरंच मी रे! इरासीच्या गळ्याशपथ! मला दिसत नाही. वर्ष झालं."

"पोरीची शपथ घेऊ नका!" जोव्हेंतिनो भडकला. "आज मनोऱ्याच्या रेषेत तराफा सरळ आणलात, आणि दिसत नाही म्हणता?" त्याने वाकून काहीतरी उचललं आणि तीन पावलांवरून त्याच्यासमोर धरलं. "सांगा, हा मासा कुणाचा?"

आदाउतोने डोळे ताणले. समोर एक काळपट लांबट डाग हलत होता. हे एक तरी बरोबर आलं पाहिजे, असं त्याला फार फार वाटलं.

"एवारिस्तोचा," तो म्हणाला.

सगळा किनारा हसून लोटपोट झाला. ती जोव्हेंतिनोची चप्पल होती. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. "वा तांडेल! नाटक जमलं!" जोव्हेंतिनो आणि एवारिस्तो मात्र हसले नाहीत. चप्पल वाळूत पडल्याचा आवाज आला.

"उद्यापासून मी दुसऱ्या तराफ्यावर," एकजण म्हणाला. आवाज इतका घोगरा होता की तो कोणाचा ते कळेना.

"मीही," दुसरा म्हणाला.

लोक पांगले. तांबोशी दोघांनीही उचलली नाही. ती तिथेच राहिली, आणि तिच्यावर माशा बसायला लागल्या. आदाउतो उठला, दोन पावलं गेला आणि तराफा ज्यावरून ओढतात त्या माडाच्या ओंडक्याला अडखळून गुडघ्यावर पडला. रक्त आलं असावं. लांबून कुणीतरी ओरडलं, "आता पुरे की हो!"

दोन पावलांचे आवाज दूर जात होते, एक डावीकडे, एक उजवीकडे. कोणता कोणाचा? एकाला तरी थांबवायलाच हवं होतं. डावीकडचा जरा जड वाटला. एवारिस्तोच असणार.

"एवारिस्तो! थांब ना रे!"

पाऊल थांबलं. वाऱ्यावरून जोव्हेंतिनोचा थकलेला आवाज आला.

"बघा. अजून चाललंच आहे."